तुरुंगातला साबण कुणाच्या पैशाचा?

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बातमीने अनेकांना बुचकळ्यात टाकलं होतं. एका नामांकित चित्रपट अभिनेत्याचा मुलगा आर्थर रोड तुरुंगात होता आणि घरच्यांनी त्याला साडेचार हजार रुपयांची मनीऑर्डर केली होती. (पुढे आरोपपत्रातून त्याचं नाव वगळलं गेलं.) ज्या घरात पैशाला तोटा नाही, त्या घराने नेमके साडेचार हजारच का पाठवले? तेही पोस्टाने का? आणि सरकार राहायला-खायला देत असताना तुरुंगात पैसे लागतातच कशाला?

या तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं आहेत आणि ती या लेखात येतील. पण ती समजून घेतली की चौथा प्रश्न समोर उभा राहतो, आणि खरा महत्त्वाचा तोच आहे. ज्याच्या घरून साडेचारशे रुपयेही येत नाहीत, तो माणूस आत दिवस कसे काढतो?

आत काय मिळतं, काय मिळत नाही

वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही तुरुंगाच्या व्यवस्थेचा साधारण अंदाज येईल. मेसमध्ये दोन वेळचं जेवण मिळतं, झोपायला जागा मिळते. पण अंगाचा साबण, कपडे धुण्याची पावडर, डोक्याला तेल, दात घासायची पेस्ट, आतले कपडे, चप्पल, पत्रासाठी पाकीट हे ज्याचं त्याने बघायचं. घरून पैसे येतात, कोपऱ्यावरच्या दुकानातून वस्तू येतात. तुरुंगातही जेवण, चहा, नाश्ता, अंथरूण-पांघरूण, ताट आणि मग सरकारकडून मिळतात. बाकीचं आतल्या कँटीनमधून विकत घ्यायचं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की वसतिगृहातला मुलगा पैसे संपले तर शिकवणी घेऊ शकतो, मित्राकडून उसने आणू शकतो, दुसऱ्या दुकानात स्वस्त वस्तू शोधू शकतो. तुरुंगात दुकान एकच, बाहेर जायची सोय नाही आणि कमावण्याची वाट बहुतेकांना बंद.

नियमावल्यांमध्ये साबण-तेल पुरवण्याच्या तरतुदी असतात. पण तुरुंगात जागेपेक्षा माणसं जास्त असली की प्रत्येक तरतूद पातळ होत जाते. आर्थर रोडची अधिकृत क्षमता अनेक वर्षं ८०४ होती आणि तिथे एकेका वेळी तीन हजारांहून जास्त माणसं राहत आली आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि आत ५,७३,२२० माणसं होती. शंभरांच्या जागी एकशे एकतीस. म्हणून पुरवठ्यातली तूट भरून काढण्याचं काम कँटीनवर येतं, म्हणजेच कैद्याच्या घरच्यांवर.

कच्चा कैदी आणि पक्का कैदी

बरॅकीत दोन शब्द सतत कानावर पडतात: कच्चा कैदी आणि पक्का कैदी. ज्याचा खटला अजून चालू आहे तो कच्चा. कागदोपत्री त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात. ज्याला शिक्षा झाली तो पक्का, म्हणजे सिद्धदोष बंदी. या दोघांचं आतलं अर्थकारण अगदी वेगळं आहे.

पक्क्या कैद्याला तुरुंगाचा गणवेश मिळतो. सक्तमजुरीची शिक्षा असेल तर त्याला काम करावं लागतं आणि त्या कामाची मजुरी मिळते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ मध्ये ही मजुरी सुमारे दहा टक्क्यांनी वाढवली गेली: कुशल कामाला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या वसाहतीत ९४. अकुशल कैद्याने महिन्यात पंचवीस दिवस काम केलं, तर हातात १,३२५ रुपये येतात. बाहेरच्या मजुरीच्या मानाने ही रक्कम फार तोकडी आहे. पण साबण-तेल घेऊन थोडे पैसे घरी पाठवता येतात. राज्य सहकारी बँकेने येरवड्यात २०२२ साली ‘जिव्हाळा’ नावाची कर्ज योजना सुरू केली, तीही याच मजुरीच्या भरवशावर. पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज, सात टक्के व्याज, तारण नाही. हप्ता मजुरीतून वळता.

कच्च्या कैद्याची गोष्ट निराळी. कायद्याच्या नजरेत तो अजून निर्दोष आहे, म्हणून त्याच्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही. त्याला गणवेशही नसतो, तो स्वतःचे कपडे घालतो. १८९४च्या तुरुंग कायद्याचं ३१वं कलम सांगतं की अशा कैद्याला स्वतःचा निर्वाह स्वतः करता येईल. अन्न, कपडे, अंथरूण आणि इतर गरजेच्या वस्तू त्याला विकत घेता येतील किंवा बाहेरून मागवता येतील. आरोप सिद्ध झालेला नसताना माणसाला गुन्हेगारासारखं वागवू नये, हा यामागचा विचार आहे आणि तो चांगला आहे.

पण ही तरतूद एक गोष्ट गृहीत धरते: बाहेर कुणीतरी आहे आणि त्याच्याकडे पैसे आहेत. ते नसलं की सन्मानाची तरतूद रिकामी पडते. काम करायचं बंधन नाही, म्हणून मजुरी नाही. स्वतःचे कपडे घालायची मुभा आहे, म्हणून गणवेश नाही. अटकेच्या वेळी अंगावर जे होतं तेच वापरायचं, तेच रात्री धुवायचं आणि ओलं असेल तर ओलंच घालायचं.

या गटातली माणसं थोडीथोडकी नाहीत. २०२२च्या त्याच आकडेवारीत देशात ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होते, म्हणजे दर चार कैद्यांपैकी तीन. एकट्या महाराष्ट्रात त्यांची संख्या ३२,८८३ होती.

पैसा आत कसा जातो?

तुरुंगात कैद्याने रोख रक्कम बाळगायची नाही, हा नियम सगळीकडे आहे. कारण उघड आहे. रोख असली की जुगार येतो, खंडणी येते, लाच येते. म्हणून पैसे तुरुंगाच्या कार्यालयात कैद्याच्या नावावर जमा होतात. ‘पीपीसी’ म्हणून ओळखलं जाणारं हे कैद्याचं खाजगी रोकड खातं. नातेवाईक मनीऑर्डर करतात किंवा तुरुंगाने सोय केली असेल तर ऑनलाइन भरतात. कैद्याला खात्यातल्या रकमेवर कँटीनमध्ये खरेदी करता येते. कुठे कूपन असतात, कुठे कार्ड. पोस्टाने पैसे का पाठवले, याचं उत्तर हे.

यातला एक बारकावा गरीब घराला जाणवतो. पोस्टाच्या मनीऑर्डरला वर्षानुवर्षं दर वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन लागत आलं आहे. पाचशे पाठवायचे तर पंचवीस वर लागतात. त्यात पोस्टात जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. फॉर्मवर कैद्याचं पूर्ण नाव आणि बंदी क्रमांक चुकला, तर पैसे परत येतात. ज्या घरात लिहिता-वाचता येणारं कुणी नाही, तिथे ही चूक सहज होते.

दुसरा मार्ग मुलाकातीचा. ठरलेल्या दिवशी नातेवाईक भेटायला येतात आणि तपासणी करून कपडे वगैरे देऊ शकतात. पण बीडच्या एखाद्या गावातून छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल तुरुंगात यायचं म्हणजे दोन माणसांचं एसटी भाडं आणि दोन दिवसांचा रोज. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला तर हंगाम सोडून येताच येत नाही. मुंबई-तळोज्यात असलेल्या परप्रांतीय मजुराच्या घरच्यांना त्याला अटक झाल्याचं कळायलाच कधीकधी काही महिने जातात. भटक्या-विमुक्त समाजातल्या अनेकांना घराचा पत्ताच नसतो. पारध्याच्या पालावर मनीऑर्डर करणारं आणि तिची पावती सांभाळणारं कोण असणार?

कमाल ठरली, किमान ठरली नाही

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. साडेचार हजारच का? कारण त्या वेळी तिथे महिन्याला एवढेच पैसे घेता येत होते. पुढे राज्यात ही मर्यादा वाढवली गेली. मर्यादा असण्यामागेही शहाणपण आहे. पैसेवाल्या कैद्याने सगळी बरॅक विकत घेऊ नये, चार जणांना पोसून त्यांच्याकडून हवं ते करून घेऊ नये, म्हणून खर्चाला कमाल सीमा घातली आहे.

माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. एका कैद्याला जास्तीत जास्त किती खर्च करता येईल हे व्यवस्थेने रुपयांत ठरवलं. कमीत कमी किती वस्तू प्रत्येकाच्या हातात पोचल्याच पाहिजेत, हे मात्र तितक्याच काटेकोरपणे ठरवलं नाही. कमाल मर्यादेवर दर महिन्याला हिशेबनीस लक्ष ठेवतो, कारण ती खात्यात दिसते. किमान गरज पुरी झाली की नाही याचा हिशेब कुठल्याच खात्यात दिसत नाही. ज्याच्या पीपीसीत शून्य आहे, त्याच्याबद्दल ते खातं काहीच बोलत नाही.

कायद्यात यासाठी आधार नाही असं नाही. तुरुंग कायद्याचं ३३वं कलम म्हणतं की ज्या न्यायाधीन कैद्याला स्वतःचे पुरेसे कपडे आणि अंथरूण मिळवता येत नाही, त्याला ते अधीक्षकाने पुरवायचे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतही कैद्याला पाणी आणि स्वच्छतेसाठी लागणाऱ्या वस्तू द्याव्यात असं स्पष्ट लिहिलं आहे. पण ३३व्या कलमाचा फायदा घ्यायचा तर कैद्याला ते कलम माहीत हवं, मागणी करायचं धाडस हवं आणि मागणीची नोंद घेणारा माणूस हवा. देशातल्या कैद्यांपैकी साधारण दोन तृतीयांश एकतर निरक्षर आहेत किंवा दहावीच्या आत शाळा सुटलेले. त्यातले किती जण अर्ज लिहितील?

पैसे नसलेला माणूस काय करतो?

तो आपले श्रम विकतो. पैसेवाल्या कैद्याचे कपडे धुतो, भांडी घासतो, झाडून घेतो, पाय चेपतो. मोबदल्यात साबणाचा तुकडा, बिस्किटाचा पुडा, थोडं तेल मिळतं. कधी उधारी होते आणि ती फेडताना माणूस कुणाच्या तरी मुठीत जातो. चोरीच्या किरकोळ आरोपावरून आलेला तरुण आत टोळीच्या आश्रयाला जातो, तेव्हा त्या नात्याची सुरुवात अनेकदा अशा छोट्या उपकारातून झालेली असते.

इथे कायद्याची आणखी एक गाठ आहे. त्याच १८९४च्या कायद्याचं ३२वं कलम सांगतं की न्यायाधीन कैद्याने आपलं अन्न, कपडे किंवा इतर वस्तू दुसऱ्या कैद्याला द्यायच्या नाहीत, भाड्याने द्यायच्या नाहीत, विकायच्याही नाहीत. हेतू पिळवणूक रोखण्याचा आहे. पण अक्षरशः वाचलं तर शेजाऱ्याला मायेने दिलेला साबणही नियमभंग ठरतो. म्हणजे गरीब कैद्याला सरकारकडून पुरेसं मिळत नाही, कमावता येत नाही आणि दुसऱ्याने दिलेलं घेणंही चोरटंच राहतं.

या आतल्या श्रमव्यवहाराला जातीची किनारही आहे. तुरुंगातली कामं जातीनुसार वाटणाऱ्या अनेक राज्यांच्या नियमावल्यांमधल्या तरतुदी पत्रकार सुकन्या शांता यांनी उघड केल्या, त्या न्यायालयात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. नियमातली जात पुसण्याचा आदेश निघाला, हे मोठं पाऊल आहे. पण साबणासाठी कुणाचा संडास धुवावा लागतो आणि तो कोण धुतं, हे पैशाच्या अभावातूनही ठरतं.

खरजेचं साधं गणित

‘साबण नाही मिळाला तर काय बिघडलं?’ असं वाटणाऱ्यांनी खरूज कशी पसरते ते पाहावं. खरूज हा अतिशय बारीक किड्यामुळे होणारा त्वचेचा आजार. किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते आणि अंगाला रात्री असह्य खाज सुटते. हा किडा कातडीचा कातडीला बराच वेळ स्पर्श झाला की एकाकडून दुसऱ्याकडे जातो. वापरलेले कपडे आणि चादरींमधूनही जातो. खांद्याला खांदा लावून, एका कुशीवर झोपावं लागणारी बरॅक म्हणजे त्याच्यासाठी मोकळं रान.

नुसत्या साबणाने खरूज बरी होत नाही, त्याला औषधच लागतं. पण औषध लागू पडायचं तर संपर्कातल्या सगळ्यांना ते एकाच वेळी लावावं लागतं आणि त्याच दिवशी सगळ्यांचे कपडे, चादरी गरम पाण्याने धुवाव्या लागतात किंवा बदलाव्या लागतात. आता ज्याच्याकडे कपड्याचा दुसरा जोडच नाही, तो काय बदलणार? तो एक माणूस राहिला की हळूहळू सगळी बरॅक पुन्हा खाजवू लागते. खाजवून झालेल्या जखमांत पू होतो, आजार वाढतो. मग तुरुंगाच्या डॉक्टरांचा वेळ, औषधं आणि रुग्णालयात न्यायला लागणारा पोलिस बंदोबस्त यांवर खर्च होतो. एका निर्धन कैद्याला दिलेला कपड्यांचा जोड आणि साबण शेजारच्या पन्नास जणांचं, पहाऱ्यावरच्या शिपायाचं आणि जामिनावर सुटून घरी जाणाऱ्याच्या लेकरांचंही रक्षण करतो.

बायकांची निकड

बायका तुरुंगात संख्येने कमी असतात, म्हणून त्यांच्या गरजा यादीत शेवटी येतात. भेटीला येणाऱ्यांच्या रांगेत आई आणि बायको मुलासाठी, नवऱ्यासाठी उभ्या दिसतात. आत असलेल्या सुनेसाठी उभं राहणारं माणूस शोधावं लागतं. अनेक घरं अटक झालेल्या बाईशी संबंधच तोडतात. त्यामुळे भायखळ्याच्या महिला तुरुंगात असो की येरवड्याच्या, घरून एक पैसाही न येणाऱ्या बायका असतातच.

सॅनिटरी पॅड ही दर महिन्याची, टाळता न येणारी गरज आहे. महिला कैद्यांसाठी २०१० साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या बँकॉक नियमांपैकी पाचवा नियम पॅड मोफत पुरवायला सांगतो. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. अशा मुलांना कैदी समजू नये. त्यांचं अन्न, कपडे, औषधपाणी, शिक्षण ही राज्याची जबाबदारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात बजावलं. तरीही ताप उतरेपर्यंत बाळाचं अंग पुसायला मऊ कापड हवं, थंडीत टोपरं हवं, अशा बारीक गोष्टी आईच्या पीपीसीकडेच बघत राहतात.

चष्मा आणि स्ट्रॉ

गरजेची वस्तू म्हणजे फक्त साबण-तेल नव्हे, हे तळोजा तुरुंगातल्या दोन प्रसंगांनी २०२० साली महाराष्ट्राला दाखवलं. वृद्ध पाद्री स्टॅन स्वामी यांना कंपवात होता, पेला हातात धरवत नव्हता. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला आणि तो विषय काही आठवडे चालला. त्याच सुमारास तिथेच अटकेत असलेले कार्यकर्ते गौतम नवलखा यांचा चष्मा तुरुंगात हरवला. घरच्यांनी टपालाने पाठवलेला नवा चष्मा तुरुंगाने घेतला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तेव्हा माणुसकीची आठवण करून दिली आणि तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे असं सुचवलं.

स्वामी आणि नवलखा यांच्यावरच्या आरोपांबद्दल कुणाचं काहीही मत असो, एक गोष्ट लक्षात घ्यावी. या दोघांच्या मागे वकील होते, वर्तमानपत्रं होती, म्हणून पेला आणि चष्मा हे विषय न्यायालयापर्यंत पोचले. ज्या म्हाताऱ्या शेतमजुराचा चष्मा आत फुटतो, त्याची बातमी होत नाही. तो पुढच्या तारखेला आपल्याच जबाबाच्या कागदावर न वाचता अंगठा देतो.

मुळात तो आत का आहे?

गरीब कैद्याला साबण देणं आवश्यक आहे. पण त्यातले कितीतरी जण केवळ गरिबीमुळेच आत आहेत, हे त्याहून मोठं सत्य आहे. न्यायालय जामीन मंजूर करतं, पण जामीनदार लागतो. जामीनदाराला ऐपतीचा दाखला, रेशन कार्ड, पत्ता लागतो. फुटपाथवर राहणाऱ्याला ओळखणारा, दाखला असलेला आणि न्यायालयात दिवसभर थांबायला तयार असलेला माणूस मिळत नाही. मग जामिनाचा आदेश कागदावर राहतो आणि माणूस बरॅकीत.

हा प्रश्न जुना आहे. १९७८ साली मोतीराम या गवंड्याच्या खटल्यात मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर मोतीरामला सोडायला सांगितलं आणि गरिबाकडून अवाच्या सवा जामीन मागणं अन्याय्य ठरवलं. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी याच गरीब कैद्यांची व्यथा मांडली. अशा कैद्यांना आज चार आधार उपलब्ध आहेत.

पहिला आधार नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७८व्या कलमाचा. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेनंतर आठवड्याभरात जामीन देता आला नाही, तर माणूस निर्धन आहे असं मानून त्याला वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडायचं. दुसरा ४७९व्या कलमाचा. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने एक तृतीयांश काळ काढला असेल, तर सुटकेचा विचार करायचा; जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असलेल्यांना तो लागू नाही. तिसरा आधार सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३च्या निर्देशांचा. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकाने ते विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीन भरता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करू शकतं. चौथा आधार केंद्र सरकारच्या २०२३च्या गरीब कैदी साहाय्य योजनेचा. तिच्यात न्यायाधीन कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या सिद्धदोष कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद झाली. अमली पदार्थ, दहशतवाद, मनी लाँडरिंग अशा गुन्ह्यांसाठीच्या कायद्यांखालचे आरोपी तिच्यातून वगळले आहेत.

हे सगळे आधार एका गोष्टीवर अडतात: कुणीतरी कैद्याची नोंद घेऊन फाइल पुढे ढकलावी लागते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरातल्या तुरुंगांत हेच काम करत आला आहे. समाजकार्यकर्ते बरॅकीतल्या माणसाशी बोलतात, घरचा पत्ता शोधतात, फोन लावतात, वकिलाशी गाठ घालून देतात. घरी एक फोन लागला की मनीऑर्डरही येते आणि जामीनदारही मिळतो, असा अनुभव या क्षेत्रातले लोक सांगतात.

काय करता येईल?

सर्वांत आधी किमान ठरवावं. तुरुंगाच्या दारात पाऊल टाकताच प्रत्येक न्यायाधीन कैद्याला एक संच मिळावा: कपड्यांचे दोन जोड, आतले कपडे, टॉवेल, चप्पल, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, तेल, पेस्ट, ब्रश, बायकांना पॅड. संपणाऱ्या वस्तू दर महिन्याला न मागता मिळाव्यात. मागावं लागलं की लाजाळू माणूस मागे राहतो.

दुसरं, ज्याच्या खात्यावर सलग दोन महिने काही जमा झालं नाही, अशा कैद्यांची यादी कार्यालयाने काढावी. पीपीसीची नोंद आता संगणकावर असते, त्यामुळे ही यादी काढायला फार कष्ट नाहीत. ती विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकांच्या हाती दिली, तर कुणाला साबण हवा आणि कुणाला वकील हवा, हे एकाच यादीतून कळेल.

तिसरं, कँटीनचा नफा. तो शेवटी कैद्यांच्याच घरून आलेला पैसा आहे. आदर्श कारागृह नियमावलीत कैदी कल्याण निधीची कल्पना आहे; त्या निधीवर पहिला हक्क शून्य खात्याच्या कैद्यांचा असावा. चौथं, ज्या कच्च्या कैद्याला काम करायची इच्छा आहे, त्याला स्वेच्छेने काम आणि योग्य मजुरी द्यावी. कैद्याच्या श्रमाला न्याय्य मोबदला हवा आणि त्यातला काही भाग गुन्ह्याने पोळलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या खटल्यात सांगितलं होतं. म्हणजे मजुरी वाढली तर पीडितांच्या भरपाईचा निधीही वाढेल.

चौकट: नातेवाइकांनी आणि मदत करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं

• पैसे पाठवताना कैद्याचं नोंदीतलं पूर्ण नाव, बंदी क्रमांक आणि तुरुंगाचं नाव अचूक लिहावं. महिन्याची मर्यादा आणि ऑनलाइन सोय आहे का, हे मुलाकातीच्या खिडकीवर विचारावं.
• कपडे किंवा चष्मा न्यायचा असेल तर आधी चौकशी करावी. चष्म्यासाठी, औषधासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. घ्यायला नकार दिला तर तो लेखी मागावा.
• कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.
• जामीन मंजूर होऊनही सुटका अडली असेल तर गरीब कैदी साहाय्य योजनेसाठी अर्ज करावा.
• संस्था, मंडळं, महाविद्यालयं यांनी वस्तू द्यायच्या असतील तर अधीक्षकांची लेखी परवानगी घ्यावी आणि आत काय कमी पडतं ते त्यांनाच विचारावं. दिवाळीच्या फराळापेक्षा वर्षभराचा साबण आणि पॅड जास्त उपयोगी पडतात.

‘गुन्हेगारांना कशाला?’

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो आणि त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. आतल्या चारांपैकी तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्यातले अनेक जण निर्दोष सुटतील. ज्यांचा सिद्ध झाला, त्यांना न्यायालयाने स्वातंत्र्य हिरावण्याची शिक्षा दिली. खरूज, उधारी, दुसऱ्याची गुलामी या गोष्टी कुठल्याही निकालपत्रात लिहिलेल्या नसतात. त्या फक्त गरिबांच्या वाट्याला येतात. एकाच कलमाखाली, एकाच बरॅकीत असलेल्या दोन माणसांपैकी ज्याच्या घरी पैसे आहेत त्याची शिक्षा हलकी आणि ज्याच्या घरी नाहीत त्याची जड, असं होत असेल तर शिक्षा न्यायालय ठरवत नसून बँकेचं पासबुक ठरवतं.

हे बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. कपडे आणि अंथरुणासाठी १८९४च्या कायद्याचं ३३वं कलम पुरेसं आहे. बाकी वस्तूंसाठी एक सरकारी निर्णय, त्याच्या जोडीला अर्थसंकल्पातली एक ओळ आणि दर महिन्याला तपासणारा माणूस लागेल. जिल्हा न्यायाधीश आणि जिल्हाधिकारी हे तुरुंगाचे पदसिद्ध अभ्यागत असतात, अशासकीय अभ्यागतही नेमता येतात. त्यांनी प्रत्येक भेटीत जेवणाची चव पाहण्याबरोबर एक प्रश्न विचारावा: शून्य खात्याचे कैदी किती आणि या महिन्यात त्यांना काय दिलं? त्याचं उत्तर वहीत लिहिलं जाऊ लागलं, की किमान मर्यादेचाही हिशेब सुरू होईल.